लॉगिन कुकीची मुदत: २००५ मध्ये नेमकं काय बदललं

एएसपी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइट बनवण्याच्या चौकटीवरच्या जुन्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये ‘मला लक्षात ठेवा’वर टिक करूनही अर्ध्या तासाने पुन्हा पासवर्ड मागितला जातो. याचं मूळ २००५ मध्ये आलेल्या आवृत्ती २.० मध्ये आहे.

१९९४ मध्ये कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, आली तेव्हापासून तिला एक्स्पायर्सची, म्हणजे मुदत संपण्याची, तारीख देता येते. तारीख नसली की ब्राउझर बंद होताच ती जायची. १९९७ च्या मानकात सेकंदांत आयुष्य मोजायचं मॅक्स-एज आलं, पण इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्त्या त्याला जुमानत नव्हत्या, त्यामुळे चलती तारखेचीच राहिली.

एएसपी डॉट नेटच्या फॉर्म्स ऑथेंटिकेशन या लॉगिन पद्धतीत कुकीच्या पोटात युजरची ओळख सांगणारं एक एन्क्रिप्टेड तिकीट असतं आणि त्याला स्वतःची वेगळी मुदत असते. कुकीची तारीख ब्राउझर बघतो, तिकिटाची सर्व्हर. १.० आणि १.१ मध्ये टिक केलं की मुदत थेट ५० वर्षांची! वेब डॉट कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमधला टाइमआउट टिक न करणाऱ्यांपुरताच होता. २.० ने तोच टाइमआउट सगळ्यांना लावला, आणि त्याची डीफॉल्ट किंमत होती ३० मिनिटं. कोडची एक ओळ न बदलता केवळ अपग्रेड केलेल्या साइटवरही युजर बाहेर फेकले जाऊ लागले.

बदलामागचं कारण रास्त होतं. साइन आउट केल्यावर फक्त ब्राउझरमधली कुकी पुसली जाते. तिकिटांची नोंद सर्व्हर ठेवत नाही. आधीच कोणी कुकी चोरली असेल तर ती मुदत संपेपर्यंत चालते, आणि सगळी तिकिटं एकदम बाद करायची तर मशीन की (तिकिटं एन्क्रिप्ट करणारी सर्व्हरची किल्ली) बदलण्यावाचून गत्यंतर नाही. अशा तिकिटाला ५० वर्षं देणं बेफिकिरीच. पण टिक करणारे आणि न करणारे यांना एकाच आकड्याला बांधणं, हे मात्र पटत नाही. व्हायचं तेच झालं: लोकांनी टाइमआउटमध्ये ५२५६००, म्हणजे वर्षभराची मिनिटं, टाकून विषय मिटवला. परिणामी टिक न करणाऱ्याचं तिकीटही वर्षभर वैध! तिकीट हाताने बनवून दोघांना वेगळी मुदत देता येत होती, पण तेवढी खटपट करणारे थोडे.

स्लायडिंग एक्स्पिरेशनची, म्हणजे साइट वापरत राहिलं की मुदत पुढे सरकण्याची, गंमत वेगळीच. मुदत प्रत्येक क्लिकला वाढत नाही. निम्म्याहून जास्त वेळ उलटल्यावरच वाढते. टाइमआउट ३० मिनिटांचा धरा: १०:०० ला लॉगिन, १०:१४ ला फॉर्म उघडला, १०:३१ ला सबमिट केला, की समोर लॉगिनचं पान आणि भरलेलं सगळं गायब. हाच फॉर्म १०:१६ ला उघडला असता तर मुदत १०:४६ पर्यंत गेली असती. टेस्टिंगमध्ये हे सहसा पकडलं जात नाही, कारण टेस्टर इतका वेळ थांबत नाही.

पुढचं सगळ्यांच्या परिचयाचं आहे. ब्राउझर जुने टॅब पुन्हा उघडून देऊ लागले, तशा तारीख नसलेल्या कुकीही मागे राहू लागल्या. २०२२ मध्ये क्रोमने कुकीचं कमाल आयुष्य ४०० दिवसांवर आणलं. एएसपी डॉट नेट कोअर या नव्या अवतारात तिकिटाची डीफॉल्ट मुदत १४ दिवस आहे. ती एक्स्पायर-टाइमस्पॅन या सेटिंगने ठरते; कुकीच्या सेटिंगमधलं एक्स्पिरेशन आधी मुकाट्याने दुर्लक्षिलं जायचं, ३.० पासून ते दिलं तर एरर येते.