गुन्हा कबूल केल्यावर अपील किती उरते?

नाशिकला सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) न्यायालयात आरोपीला आरोप मराठीत वाचून दाखवला जातो आणि विचारले जाते, "गुन्हा कबूल आहे का?" सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने आलेला, घरी कोकणा बोलणारा मजूर पुढच्या तारखा टळाव्यात म्हणून "कबूल" म्हणतो, अंगठा उठवतो आणि दंड भरून गावी परततो. आपल्याला दोषी ठरवणेच चूक होते, असे अपिलात म्हणण्याचा हक्क मात्र त्याने त्या एका शब्दात गमावलेला असतो.

ही बंदी जुनी आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१२ मध्ये ती होती, १९७३ च्या संहितेत ती कलम ३७५ झाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ मध्ये ती कायम आहे. कबुलीवरून दंडाधिकारी किंवा सत्र न्यायालयाने दोषी ठरवले, तर शिक्षा किती आणि ती कायदेशीर की बेकायदा, एवढ्यापुरतेच अपील करता येते. पुरावाच नोंदवला गेलेला नसताना तो अपुरा होता असे म्हणता येणार नाही, हा त्यामागचा विचार. तो पटण्यासारखा आहे, पण कबुली समजून-उमजून दिलेली असेल तरच.

म्हणूनच महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, अपिलाचा हक्क कबुलीवर अवलंबून असल्याने आरोपीचे शब्द शक्यतो जसेच्या तसे, त्याच्याच भाषेत लिहून घेणे ही निव्वळ औपचारिकता नव्हे. माझ्या मते या विषयातला हाच सर्वांत मोलाचा निकाल आहे.

शिक्षेत सवलत मिळेल या आशेने दिलेल्या कबुलीचा प्रश्न वेगळा होता. खुरासणीच्या तेलातील भेसळीच्या मुरलीधर मेघराज लोया खटल्यात १९७६ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी अशा सौद्यांवर कडक टीका केली. १९८३ च्या थिप्पेस्वामी निकालाने तर सवलतीच्या भरवशावर कबुली घेऊन नंतर अपिलात शिक्षा वाढवणे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा भंग ठरवले. पुढे ५ जुलै २००६ पासून प्ली बार्गेनिंग, म्हणजे सवलतीच्या बदल्यात कबुलीची तडजोड, कायद्यातच आले आणि अशा तडजोडीवरून दिलेल्या निकालावर अपिलाचे दार आणखी आवळले गेले: अनुच्छेद १३६ खालील सर्वोच्च न्यायालयातील विशेष परवानगी याचिका आणि २२६ व २२७ खालील उच्च न्यायालयातील याचिका, एवढेच मार्ग उरले. त्यासाठी मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते.

समन्स खटल्यांत, म्हणजे तुलनेने किरकोळ गुन्ह्यांच्या खटल्यांत, आरोपीच्या शक्य तितक्या मूळ शब्दांत कबुली नोंदवण्याचा दंडक नव्या संहितेच्या कलम २७५ मध्येही आहे, आणि सुरगाण्याच्या त्या मजुराचे वकील अपील लिहिण्याआधी प्रथम तीच नोंद काढून वाचतात.