कापराच्या पुरचुंडीने रक्तातील प्राणवायू वाढत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून हिमालयात पदभ्रमणासाठी निघणाऱ्यांच्या सॅकमध्ये घरची मंडळी भीमसेनी कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी आवर्जून ठेवतात. ती हुंगल्याने विरळ हवेत प्राणवायू वाढतो, हा समज वर्षानुवर्षे पसरत आला आहे. तो खरा नाही. कापूर नाकातील थंडावा जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो, त्यामुळे श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, एवढेच.

उंचीवरही हवेतील प्राणवायूचा वाटा सुमारे २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब, आणि ५,५०० मीटरच्या आसपास तो समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो. त्यामुळे सुमारे ७५० मीटरवर राहणाऱ्या बेळगावकराने राजहंसगड चढून पायांत कितीही बळ आणले (आणि तो सराव जरूर करावा), तरी शरीराला उंचीशी जुळवून घेण्यासाठी दिवस द्यावेच लागतात. ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी या जुळवणीस मदत करते, मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी.

डोके दुखत असताना, मळमळत असताना पुरचुंडी हुंगून बरे वाटल्याच्या भासावर चढत राहणे जिवावर बेतू शकते. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर त्या व्यक्तीला सोबत देऊन ताबडतोब खाली उतरवावे.