सुभेदाराच्या खांद्यावरची पट्टी

२६ जानेवारी १९५० रोजी भारतीय सैन्याच्या खांद्यांवरचा राजमुकुट उतरला आणि त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. ब्रिटिश घडणीचे 'बाथ' तारे गेले, साधे पाच टोकांचे तारे आले. पदांच्या नावांना मात्र कुणी हात लावला नाही. भूदलात वरचे लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर इंग्रजीच राहिले आणि खालचे नाईक, हवालदार, सुभेदार देशी. नौदल आणि हवाई दलात तर वरपासून खालपर्यंत इंग्रजीच नावं होती, तीही तशीच राहिली.

ही देशी नावं जुनी आहेत. शिवकालीन पायदळात नाईकावर हवालदार असे. आजही क्रम तोच. सुभेदार मात्र फार खाली उतरला. अख्खा सुभा सांभाळणाऱ्याचं, होळकरांच्या नावामागे मानानं लागणारं हे पद कंपनी सरकारच्या पलटणीत शंभरेक शिपायांवर आलं आणि पुढे एका प्लॅटूनवर, म्हणजे तीसेक जवानांवर, येऊन थांबलं.

खरा गुंता पुढेच आहे. जमादार, त्यावरचा सुभेदार आणि सर्वांत वरचा सुभेदार मेजर यांना इंग्रज आधी 'नेटिव्ह ऑफिसर' म्हणत, नंतर 'व्हाइसरॉयज कमिशन्ड ऑफिसर'. त्यांची हुकमत फक्त हिंदी शिपायांवर चाले. गोऱ्या शिपायाला ते हुकूम देऊ शकत नसत. राजाचं कमिशन, म्हणजे गोऱ्यांसारखी पूर्ण अधिकाऱ्याची नेमणूक, हिंदी माणसाला मिळायला पहिलं महायुद्ध यावं लागलं आणि अधिकारी घडवणारी डेहराडूनची लष्करी अकादमी सुरू व्हायला १९३२ साल उजाडलं. तिथून बाहेर पडलेले तरुण हिंदी अधिकारी प्लॅटूनवर नेमायचे आणि काही पलटणींतून सुभेदारांचा थरच काढून टाकायचा, असा घाट तेव्हा घातला गेला होता. वरवर पाहता ही सुधारणा वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे नवा हिंदी अधिकारी गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीनं न बसता सुभेदाराच्या जागी बसत होता. त्या तरुणांना ते झोंबलं, आणि योग्यच झोंबलं. दुसऱ्या महायुद्धाच्या रेट्यात ही योजना गुंडाळली गेली आणि सुभेदार टिकले.

स्वातंत्र्यानंतर व्हाइसरॉय राहिला नाही, तेव्हा नाव बदलणं भागच होतं. 'ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर', म्हणजे जेसीओ, हा शब्द तेव्हा आला. माझ्या मते चूक इथे झाली. व्हाइसरॉयचं नाव काढताना त्याच्या जागी 'ज्युनिअर' बसवण्याची काही गरज नव्हती. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस पंचवीसेक वर्षांच्या नोकरीनंतर सुभेदार मेजर होतो. त्याला अख्ख्या पलटणीचा स्वभाव ठाऊक असतो, कमांडिंग ऑफिसर जवानांची नाडी त्याच्याकडून जाणून घेतो. आणि कागदावर तो 'कनिष्ठ'. बोलताना मात्र त्याच्या मुलाच्या वयाचा लेफ्टनंटही त्याला 'साहेब' म्हणतो. पलटणीनं हा शब्द मनातून कधी स्वीकारलाच नाही, याचा याहून वेगळा पुरावा मला लागत नाही.

खांद्यावर हाच भेद एका छोट्या पट्टीनं दाखवला जातो. सुभेदाराला दोन तारे, लेफ्टनंटलाही दोन. सुभेदार मेजरला सिंह, मेजरलाही सिंह. फरक एवढाच की जेसीओंच्या चिन्हाखाली लाल-पिवळी-लाल फीत असते. चिन्हांच्या तक्त्यात ती चटकन नजरेत भरत नाही, पण अधिकारी मेस आणि जेसीओ मेस यांच्यामधली भिंत तीच आहे.

१९६५ साली जमादाराचा 'नायब सुभेदार' झाला, घोडदळाच्या परंपरेतल्या रेजिमेंटमध्ये 'नायब रिसालदार'. कारण सहसा असं सांगितलं जातं की नागरी बोलीत जमादार शब्दाचं वजन घटलं होतं. उत्तरेत तो सफाई कामगाराला लावला जाई, आपल्याकडे पोलिसातल्या हवालदाराला. 'नायब' शब्द मराठी माणसाला परका नाही. नायब तहसीलदार प्रत्येक तालुक्यात असतो. पण बदललं ते सर्वांत खालच्या पायरीचं नाव. तारा एकच राहिला, फीतही तीच राहिली.

दर्जाचा प्रश्न त्यामुळे पुन्हा पुन्हा वर येत राहिला. जेसीओ राजपत्रित की अराजपत्रित? त्यांना अराजपत्रित ठरवणारं टिपण तब्बल सात वर्षं लागू होतं. २०१८च्या सुरुवातीला ते मागे घेतलं गेलं आणि जेसीओ हे गट 'ब' मधले राजपत्रित अधिकारीच आहेत, हे पुन्हा मान्य झालं. ज्यांची नेमणूक राष्ट्रपतींच्या नावानं होते, त्यांना हे सिद्ध करावं लागावं, हे मला आजही खटकतं.

अधिकाऱ्यांच्या बाजूला बदल तुलनेनं सरळ झाले. एका ताऱ्याचा सेकंड लेफ्टनंट गेला. आता अकादमीतून बाहेर पडणारा थेट दोन तारे लावतो. २००४च्या अखेरीस मेजरपद सहा वर्षांच्या नोकरीवर आणि लेफ्टनंट कर्नलपद तेरा वर्षांच्या नोकरीवर आलं. १ ऑगस्ट २०२३पासून ब्रिगेडियर आणि त्यावरचे सगळे अधिकारी, मूळ रेजिमेंट कोणतीही असो, एकसारखी टोपी, पदचिन्हं आणि पट्टा वापरतात.

त्याच वर्षी ४ डिसेंबरला, नौदल दिनी, सिंधुदुर्गात घोषणा झाली की नौदलातल्या पदांना भारतीय परंपरेतली नावं दिली जातील. महिनाअखेरीस ॲडमिरलांच्या खांद्यांवर नवी चिन्हं आली, शिवमुद्रेवरून घेतलेल्या अष्टकोनासह. त्या चर्चेत नौसैनिकांच्या पदनामांचा विषय होता. भूदलातल्या 'ज्युनिअर' शब्दाचा नव्हता.

दर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या काही जेसीओंना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन केलं जातं. साताऱ्याकडच्या सैनिकी गावांत 'ऑनररी कॅप्टन' ही अक्षरं आयुष्यभर नावाआधी लागतात, आणि सुभेदार मेजर हे पद त्यांच्यामागे झाकून जातं.