मुठीतली वाळू आणि डोक्यातला अंदाज

माझा भाचा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, मोल्डिंगला आहे; वाळूचे साचे भरतो. गेल्या दिवाळीत फराळाला आला आणि चकलीचा पहिला तुकडा मोडता मोडता म्हणाला, "मामा, सात वर्षं झाली की हो. पगार वाढतोय तो महागाईएवढाच. माझी किंमत वाढवायची तर नेमकं करू काय? कुठला कोर्स करू का?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. कोर्सचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं, पण मला ते पटेना. म्हटलं, आधी तुझं काम बघू दे.

त्याच्या फौंड्रीत गेलो तेव्हा पासष्टीचे एक मिस्त्री भेटले. मिक्सरमधून आलेली काळी वाळू त्यांनी मुठीत घेतली, घट्ट दाबली, मूठ उघडली. बोटांचे ठसे उमटलेला गोळा दोन्ही अंगठ्यांनी मधोमध मोडला आणि मोडलेली कड निरखली. "पाणी जरा जास्त झालंय. ह्या चार बॉक्सांत डाव्या अंगाला भोकं पडणार बघ," असं म्हणून त्या चारही बॉक्सांवर, म्हणजे साच्याच्या पेट्यांवर, खडूने फुल्या मारल्या. लोखंड ओतून गार झाल्यावर साचे फोडले तेव्हा तीन जॉबना, म्हणजे ओतीव भागांना, डावीकडे ब्लो होल, म्हणजे तीच भोकं, निघाले. चौथा स्वच्छ होता. मला नवल वाटलं ते पुढचं: मिस्त्री त्या तिघांकडे फारसे वळलेच नाहीत. चौथ्यापाशी उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. "ह्यो कसा काय वाचला?"

भोकं पडण्यामागचं विज्ञान सरळ आहे. या वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि जेमतेम तीन-चार टक्के पाणी असतं. सुमारे १,४०० अंश सेल्सियसचं लोखंड आत ओतलं की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. वाळूतून बाहेर पडायला वाट मिळाली (त्यासाठी साच्यात तारेने टोचून भोकं पाडतात, त्यांना व्हेंट म्हणतात) तर ठीक, नाहीतर ती धातूतच अडकते. पण मला लिहायचंय ते मिस्त्रींच्या त्या प्रश्नाबद्दल. माणूस शिकतो कसा, याचं मर्म त्यात आहे.

स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी केव्हा चेततात याची नोंद घेतली. अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात चेतत. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या दिवा लागतानाच चेतू लागल्या, रस मिळताना मात्र जवळपास नेहमीसारख्याच राहिल्या. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या गप्प झाल्या. १९९७ साली शुल्ट्झने दोन सहकाऱ्यांसह याचा अर्थ मांडला: या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अपेक्षा आणि निकाल यांतला फरक मोजतात. तो फरक म्हणजे मेंदूला मिळालेला निरोप, की इथे काहीतरी बदलायला हवं.

अंदाजच बांधला नसेल तर फरक कशातून निघणार? आणि निकाल दिसलाच नाही तर? माझ्या भाच्याचं दुखणं नेमकं हेच होतं. तो साचे भरतो, ओतकाम होतं, त्याची शिफ्ट सुटते. साचे फुटतात दुसऱ्या शिफ्टला, रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, ढीग पडतो पलीकडच्या शेडमध्ये. सात वर्षांत त्याने हजारो साचे भरले, पण आपल्या साच्यातून काय निघालं ते क्वचितच पाहिलं. मला याचं मनापासून वाईट वाटलं. मुलगा कष्टाळू आहे, हात चांगला आहे, आणि शिकण्याची वेळ रोज त्याच्या पाठीमागे येऊन निघून जात होती.

अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर सरावाचा अभ्यास केला. १९८० साली त्याने सहकाऱ्यांसह एका कॉलेजकुमाराची हकिकत प्रसिद्ध केली. सुरुवातीला हा मुलगा चारचौघांसारखे सातेक आकडे लक्षात ठेवायचा. २३० तासांच्या सरावानंतर ७९ आकडे ऐकून ओळीने म्हणू लागला. प्रत्येक वेळी जमलं त्याहून थोडी लांब मालिका, आणि बरोबर की चूक हे लगेच कळणार. मुलगा धावपटू होता, म्हणून आकड्यांचे गट तो शर्यतींच्या वेळांशी जोडायचा. आता गंमत बघा: त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली तर गाडी पुन्हा सहाच्या आसपास. म्हणजे 'स्मरणशक्ती' नावाचं काही सरसकट वाढलं नव्हतं. जे घोटलं तेच वाढलं.

म्हणून काय घोटायचं हे निवडावं लागतं. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकरने १९६४च्या आपल्या पुस्तकात कौशल्यांचे दोन प्रकार केले. काही कौशल्यं त्याच एका कारखान्यात उपयोगी, काही कुठेही. एखाद्या विशिष्ट मशीनच्या खोडी माहीत असणं हे पहिल्या प्रकारात मोडतं. त्याचं मोल गेटच्या आत. वाळू ओळखणारी मूठ मात्र शिरोलीतून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नेली तरी तिची किंमत तीच राहते. कोर्सचं विचारणाऱ्या प्रत्येकाने आधी हा फरक करावा, असं मला वाटतं.

नुसत्या सरावाने सगळं साधतं असंही नाही. २०१४ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. खेळाडूंमधल्या कामगिरीच्या फरकापैकी साधारण १८ टक्के फरक सरावाच्या प्रमाणाशी जुळला, संगीतात २१ टक्के. बाकीच्यात बरंच काही येतं. पण आपल्या हातात असलेला हा वाटा काही थोडाथोडका नाही.

ध्येयाचीही गोष्ट अशीच. १९७५ साली अमेरिकेत लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या ट्रकचालकांवर एक अभ्यास झाला. आपल्याकडे हंगामात मर्यादेबाहेर ऊस भरून नेणाऱ्या ट्रॉल्या रोज दिसतात, तिथे उलटं होतं: ट्रक कायदेशीर वजनाच्या साठेक टक्केच भरून जात. "होईल तेवढं भरा" सांगून फरक पडेना. "९४ टक्के भरा" असा नेमका आकडा दिल्यावर भरती नव्वदीच्या घरात गेली. मात्र काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल तर निकालाचा आकडा उलट जाच करतो, हेही पुढच्या संशोधनात दिसलं. तिथे शिकण्याचं ध्येय बरं. "रिजेक्शन निम्म्यावर आण" यापेक्षा "डाव्या अंगालाच भोक का पडतं याची तीन कारणं शोध".

एवढं करायला बळ कुठून येतं? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार माणसाला तीन गोष्टी लागतात: निवड आपली असणं, जमतंय हे जाणवणं, आणि आपल्या माणसांची साथ. कोल्हापूरकराला यासाठी दूरचं उदाहरण नको. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. लाल मातीतला पैलवान गादीवर आणि परक्या नियमांत कुठे कमी पडतो ते तिथे उघडं झालं. पुढची चार वर्षं ते त्या उणिवेवर झटले. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. १९५२ साली खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुणीतरी आपल्यावर घर लावलंय हे माहीत असलेला माणूस कसा सराव करत असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

भाच्याने अजून कुठला कोर्स लावलेला नाही. आता तो दिवसाआड शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास थांबतो आणि आपल्या खुणेचे साचे फुटताना बघतो. खिशात शंभर पानी वही असते. मधोमध रेघ, डावीकडे 'वाटलं', उजवीकडे 'झालं'. मागच्या रविवारी त्याने ती माझ्यापुढे ठेवली. एका पानावर लिहिलं होतं: बॉक्स १७. वाटलं – चांगला. झालं – वरच्या कोपऱ्यात भोक. खाली मिस्त्रींनी पेन्सिलने लिहिलेलं: व्हेंट कुठं मारलास ते काढून दाव.

आणि त्याखाली भाच्याने काढलेला चौकोन, त्यात तारेने टोचलेल्या भोकांचे नऊ ठिपके. वरचा कोपरा रिकामा.