क्लाविस (लॅटिन नाम)

क्लाविस हे लॅटिनमधील स्त्रीलिंगी नाम, अर्थ चावी. मराठीतली चावी ही त्याचीच दूरची लेक आहे.

मूळ धातूचा अर्थ आकडा (हुक) किंवा खुंटी असा धरतात. खिळा या अर्थाचा क्लावुस, बंद करणे या अर्थाचे क्लाउदेरे आणि ग्रीक क्लेइस हे त्याच कुळातले. जुन्या काळी दाराचा अडसर आकड्याने सरकवत, त्यामुळे खिळा आणि चावी यांची नावे जवळ आली. आपल्याकडेही किल्लीचे नाते संस्कृत ‘कील’शी, म्हणजे खिळ्याशीच, जोडतात.

हे नाम इकारान्त गटातले. प्रथमा क्लाविस, षष्ठीही क्लाविस, षष्ठीचे अनेकवचन क्लावियुम. द्वितीयेला क्लावेम आणि क्लाविम अशी दोन रूपे आढळतात. त्यातले क्लाविम जुन्या धाटणीचे. संस्कृत शिकलेल्याला क्लाविस–क्लाविम पाहून मतिः–मतिम् आठवेल, आणि ते योग्यच आहे, कारण दोन्हीकडचे प्रत्यय एकाच भारत-युरोपीय वारशातले आहेत.

लॅटिनोद्भव भाषांतली नामे बहुधा द्वितीयेच्या रूपातून उतरली. क्लावेममधला शेवटचा ‘म’ गळाला आणि पुढे इटालियनमध्ये क्यावे, स्पॅनिशमध्ये यावे, फ्रेंचमध्ये क्ले अशी रूपे झाली. पोर्तुगीजमध्ये आरंभीच्या क्ल, प्ल, फ्ल यांचा ‘च’ होई, म्हणून तिथे चावे. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या पोर्तुगीजांच्या तोंडी हा ‘च’ शाबूत होता. पुढे लिस्बनच्या बोलीत त्याचा ‘श’ झाला आणि आज तिथे ‘शाव’सारखा उच्चार ऐकू येतो. लिस्बनने सोडलेला तो ‘च’ मराठीने, कोकणीने आणि गुजरातीने मात्र जपला. शब्दान्ती ‘ए’ची ‘ई’ झाली, जशी बाल्देची बालदी झाली. मूळचे स्त्रीलिंगही टिकले आणि चावी, चाव्या, चावीने अशी रूपे नदीप्रमाणे चालू लागली.

विद्वानांनी लॅटिनमधून थेट उचललेले शब्द वेगळेच. क्लाविकुला म्हणजे छोटी चावी. त्यावरून खांद्यापासून छातीपर्यंत आडव्या जाणाऱ्या हाडाला क्लॅव्हिकल म्हणतात. कोंक्लावे म्हणजे चावीने बंद करता येणारी खोली. नवा पोप निवडण्यासाठी कार्डिनलांना, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठ धर्मगुरूंना, कोंडून ठेवण्याचा नियम दहाव्या ग्रेगरीने १२७४ मध्ये घातला आणि त्या सभेला हेच नाव पडले. इस्पितळातल्या ऑटोक्लेव्हमध्येही, म्हणजे उपकरणे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यातही, क्लाविस आहे: आतल्या वाफेच्या दाबाने झाकण आपोआप घट्ट बसते, म्हणून ते ‘स्वतःच कुलूप लावणारे’ भांडे.