डीएनएच्या प्रती काढायला 1983 साल का उजाडावं लागलं?

माणसाच्या एका पेशीत डीएनए भरतो जेमतेम 6 पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. त्यातही हवा असतो तो दोन-चारशे अक्षरांचा, म्हणजे डीएनएच्या रासायनिक घटकांचा, तुकडा, बाकी कोट्यवधी अक्षरांशी त्या वेळी काही देणंघेणं नसतं. तेवढ्या तुकड्याच्या एक-दोन प्रतींवर काहीच भागत नाही. डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर नुसती पट्टी दिसायची तरी कोट्यवधी प्रती लागतात. म्हणून आधी प्रती काढायच्या, तपासणी मागाहून.

हे काम पहिल्यांदा जिवाणूंकडून करून घेतलं गेलं. 1973 मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी डीएनएचा तुकडा प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूतल्या छोट्या गोल डीएनएमध्ये, जोडून ई. कोलाय या जिवाणूत घातला. जिवाणू वाढले, तसा तुकडाही वाढला. पद्धत चोख आहे आणि आजही वापरतात. पण संपूर्ण जीनोममधला, म्हणजे सजीवाच्या सगळ्या डीएनएमधला, नेमका एक तुकडा हवा असेल, तर हजारो वसाहतींतून तो असलेली वसाहत हुडकण्यात आठवडे जात.

गंमत अशी, की जिवाणूंशिवाय प्रती काढायची कृती त्याआधीच छापून आली होती. डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम, पॉलिमरेज, आर्थर कोर्नबर्ग यांनी 1956 मध्ये वेगळं काढलं होतं. या एन्झाइमची एक खोड आहे: कोऱ्या जागी ते सुरुवात करत नाही. आधीच चिकटलेला छोटा धागा, म्हणजे प्रायमर, त्याला लागतोच. 1971 मध्ये शेल क्लेप्पे, हरगोविंद खुराणा आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की डीएनए तापवून दोन्ही धागे सुटे करावेत, गार होताना दोन टोकांना दोन प्रायमर चिकटू द्यावेत, पॉलिमरेजने मधला भाग भरावा, आणि हेच पुन्हा करावं. एवढं सांगून ते आपल्या मूळ कामाकडे, जनुक कृत्रिमरीत्या बनवण्याकडे, वळले.

त्यांची संधी हुकली असं मला वाटत नाही. प्रायमर बनवायचा तर टोकाची अक्षरं माहीत हवीत, आणि ती सहज वाचण्याची सँगर यांची पद्धत आली 1977 मध्ये. प्रायमर हाताने जोडणं हेही फार वेळखाऊ काम होतं. ते यंत्रावर होऊ लागलं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला.

कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत कॅरी मलिस यांचं काम हेच, असे छोटे धागे बनवायचं. 1983 मध्ये रात्री गाडी चालवताना त्यांना दोन प्रायमरची कल्पना, म्हणजेच पीसीआर (पॉलिमरेज चेन रिअॅक्शन), सुचली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. खरी मेख दुपटीत आहे. प्रत्येक फेरीत झालेली प्रत पुढच्या फेरीत स्वतःच साचा होते. दहा फेऱ्यांत 1,024, वीस फेऱ्यांत साडेदहा लाखांच्या आसपास, तीस फेऱ्यांत 107 कोटी.

अर्थात हा कागदावरचा हिशोब. 1985 मध्ये रँडल साइकी आणि सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या निदानासाठी बीटा-ग्लोबिन या हिमोग्लोबिनच्या जनुकाचा 110 अक्षरजोड्यांचा तुकडा वाढवला, तेव्हा वीस फेऱ्यांनंतर वाढ झाली होती 2,20,000 पट. दर फेरीत दुप्पट नव्हे, साधारण 1.85 पट. तरीही पुरून उरेल इतकी.

पण राबणाऱ्याचे हाल होते. धागे सुटे व्हायला 95 अंशांच्या आसपास तापवावं लागे, आणि त्या उष्णतेत पॉलिमरेज मरे. म्हणजे दर फेरीला नळ्या गरम पाण्यातून काढा, गार करा, झाकणं उघडा, ताज्या एन्झाइमचा थेंब टाका, झाकणं लावा, घड्याळ पाहा. असं वीस वेळा.

उतारा अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उष्ण झऱ्यात होता. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांना साठच्या दशकात तिथे 70 अंशांना मजेत वाढणारा जिवाणू सापडला होता, थर्मस अक्वाटिकस. 1976 मध्ये त्याचं पॉलिमरेज वेगळं काढलं गेलं, तेच टॅक. 1988 मध्ये सीटसच्या मंडळींनी ते पीसीआरमध्ये वापरल्याचं प्रसिद्ध झालं. टॅकमुळे मेहनत वाचली असंच सांगितलं जातं, पण अचूकपणा वाढला हे मला जास्त मोलाचं वाटतं. जुनं एन्झाइम 37 अंशांना काम करी, आणि तेवढ्या तापमानाला प्रायमर भलत्याच जागीही चिकटत. टॅक 72 अंशांना चालतं. तिथे अर्धवट जुळलेला प्रायमर टिकत नाही. शिवाय आता नळी बंद करून यंत्रात ठेवली की झालं.

पुढे पैसा आणि कोर्टकचेरी. ड्यूपाँट या रसायन कंपनीने खुराणा यांचा 1971 चा लेख पुढे करून सीटसच्या पीसीआर पेटंटला आव्हान दिलं. 1991 मध्ये ज्यूरीने सीटसच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी रोश या औषध कंपनीने पीसीआरचे हक्क 30 कोटी डॉलरना घेतले. मलिस यांना कंपनीकडून बक्षीस मिळालं होतं 10,000 डॉलर. 1993 मध्ये मायकेल स्मिथ यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं.

दुपटीची हीच ताकद प्रयोगशाळेत डोकेदुखीही होते. आधीच्या प्रयोगाची नळी उघडताना उडालेला अदृश्य शिंतोडा नव्या नळीत गेला, तर त्याच्याही कोट्यवधी प्रती निघतात. म्हणून नमुना तयार करायची खोली वेगळी, तयार माल उघडायची वेगळी, पिपेटसुद्धा वेगळे. आणि दर वेळी एका नळीत डीएनएऐवजी नुसतं पाणी घालून पीसीआर लावायचा. त्या नळीत पट्टी दिसली, की सगळा रन टाकून द्यायचा.