मूत्रनलिका घालणे

मूत्रमार्गातून मूत्राशयात लवचीक नळी सरकवून लघवी बाहेर काढण्याचे कौशल्य. वॉर्डात याला ‘कॅथेटर टाकणे’ म्हणतात, नातेवाइकांच्या तोंडी ‘लघवीची नळी’. सांगलीच्या सिव्हिलमध्ये काय किंवा १८९४ साली मिशन रुग्णालय सुरू झालेल्या मिरजेत काय, नेहमीचा रुग्ण एकच : प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी तुंबलेला, ओटीपोट दगडासारखे झालेला म्हातारा. केवळ अंथरूण ओले होते म्हणून नळी टाकू नये. ती जितके दिवस राहील तितकी जंतुसंसर्गाची शक्यता वाढते.

नळीची जाडी ‘फ्रेंच’ मापात मोजतात. १ फ्रेंच म्हणजे १/३ मिमी. व्यास. पुरुषाला १४ किंवा १६, स्त्रीला १२ किंवा १४ पुरते. रक्ताच्या गुठळ्या पडत असतील तर २२ची तीनतोंडी नळी घेतात. फोली नळीला टोकाशी फुगा असतो व तोच तिला आत अडकवून ठेवतो.

पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंमी. व वळणाचा. शिश्नाची त्वचा मागे घेऊन मूत्रद्वाराकडून बाहेरच्या दिशेने पुसावे. एक बोळा एकदाच. शिश्न धरलेला हात आता निर्जंतुक राहिलेला नाही, त्याने नळीला शिवू नये. बधिर करणारी २ टक्के लिग्नोकेन जेली १० मिली. मूत्रमार्गात सोडून ३ ते ५ मिनिटे थांबावे. घाईत नेमकी हीच मिनिटे खाल्ली जातात आणि रुग्ण आखडतो. शिश्न सरळ वर धरून नळी सरकवावी. अडली तर रेटू नये. “तात्या, खोल श्वास घ्या, लघवीला बसल्यासारखा जरा जोर करा,” एवढ्यावर मूत्रमार्गाची झडप बहुधा सैल पडते.

लघवी दिसली की फुगा फुगवण्याचा मोह होतो. तेव्हा फुगा मूत्रमार्गातच असू शकतो. म्हणून नळी दुफाट्यापर्यंत (बाहेरच्या टोकाकडे तिला दोन तोंडे फुटतात तिथवर) आत घालावी, मगच १० मिली. निर्जंतुक पाणी भरावे. सलाईन नको, त्यातले मीठ साचून फुग्याची वाट बंद होऊ शकते. रुग्ण कळवळला तर पाणी लगेच काढावे. शेवटी त्वचा पुढे आणावी. विसरल्यास ती मागेच अडकून सूज चढते.

स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी., पण मूत्रद्वार सापडणे अवघड. वयस्कर बाईत ते योनीच्या पुढच्या भिंतीकडे सरकलेले असते. उजेड चांगला हवा. नळी योनीत गेली तर ती खूण म्हणून तशीच ठेवावी आणि नवी घ्यावी.

उसाच्या ट्रॉलीखाली सापडून कंबरेचे हाड मोडले असेल आणि मूत्रद्वाराशी रक्ताचा थेंब असेल, तर नळी घालण्याचा प्रयत्नच करू नये. आधी मूत्रमार्गात एक्स-रेत दिसणारे औषध सोडून एक्स-रे काढतात.

केसपेपरवर वेळ, नळीचे माप, फुग्यातले पाणी आणि निघालेली लघवी लिहावी. तुंबलेली लघवी सुटल्यावर तासाला २०० मिली.हून जास्त होत राहिली, तर शरीरातले पाणी व क्षार घटतात. अशा रुग्णाला घरी धाडू नये.

घरी जाताना नळीला जोडलेल्या लघवीच्या पिशवीचे सांगावेच लागते. जत-आटपाडीच्या एस.टी.त ती मांडीवर घेऊन बसले, की लघवी उलटी मूत्राशयात जाऊ शकते. पिशवी कमरेखाली असावी, जमिनीला टेकू नये आणि नळीला पीळ नसावा.